मुलाला घेऊन स्पेनला जाताय आणि शाळेची भाषा स्पॅनिश नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीच्या पत्रावर बार्सिलोना किंवा बिल्बाओ असं नाव असतं आणि घरात स्पॅनिशचे धडे सुरू होतात. तिथं पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात कळतं की वर्गात शिक्षक बोलतात ती भाषा वेगळीच आहे. खालची उत्तरं निघण्याआधी वाचावीत अशी आहेत. निघून झालं असेल तरी हरकत नाही, बहुतेक गोष्टी अजूनही सावरता येतात.

स्पेनमध्ये स्पॅनिश शाळा नसतात का?

असतात, पण सगळ्या प्रांतांत सारख्या नसतात. स्पेनच्या 1978 च्या संविधानातल्या तिसऱ्या कलमानुसार कास्तेयानो, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती, देशभर अधिकृत आहे. ज्या स्वायत्त प्रांताची स्वतःची भाषा आहे तिथे तीही बरोबरीने अधिकृत असते. शाळेत कुठली भाषा किती हे प्रांत ठरवतो. माद्रिद, सेविया किंवा मालागाला जाणार असाल तर हा प्रश्नच येत नाही. कातालोनिया (बार्सिलोना इथलंच), बालेआरिक बेटं, वालेन्सिया, बास्क प्रदेश (बिल्बाओ इथलं), गालिसिया आणि नाबाराचा काही भाग इथे तो पहिल्या दिवसापासून येतो.

कुठल्या प्रांतात काय चालतं?

कातालोनियात सरकारी आणि अनुदानित शाळांची माध्यमभाषा कातालान. ही पद्धत 1983 च्या भाषा कायद्यापासून रुजली. त्याच वर्षी बार्सिलोनाला लागून असलेल्या सांता कोलोमा दे ग्रामेनेत या कामगारवस्तीतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या पालकांनीच ती मागून घेतली होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कास्तेयानो तिथे विषय म्हणून शिकवतात, इंग्रजी तिसरी. पिरेनीज पर्वतातल्या आरान खोऱ्यात आणखी एक भाषा येते, आरानेस. त्या खोऱ्यात घर घेणार असाल तर हे आधी कळलेलं बरं.

बालेआरिक बेटांवर, म्हणजे मायोर्का, मेनोर्का, इबिसा इथे, किमान निम्मं शिक्षण कातालानमधून असावं असा 1997 पासून नियम आहे. पुष्कळ शाळा त्याहून जास्त देतात.

वालेन्सियात तीच भाषा वालेन्सियन नावाने ओळखली जाते. तिथलं धोरण सरकार बदललं की बदलतं. 2024 च्या कायद्यानंतर 2025 च्या सुरुवातीला पालकांना मुलाची मुख्य भाषा विचारली गेली, त्यामुळे आता एकाच गावातल्या दोन शाळांत, कधी एकाच शाळेतल्या दोन वर्गांतही फरक असू शकतो. वेबसाइटवरचं जुनं पान वाचून ठरवू नका, शाळेलाच विचारा.

बास्क प्रदेशात पालकांची निवड 1983 पासून अक्षरांनी ओळखली जाते. ए म्हणजे सगळं कास्तेयानोतून आणि बास्क हा एक विषय. बी म्हणजे दोन्ही साधारण निम्मं निम्मं. डी म्हणजे सगळं बास्कमधून आणि कास्तेयानो हा विषय. 2023 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या नव्या शिक्षण कायद्यात या अक्षरांचा उल्लेख नाही, पण शाळांच्या बोलण्यात ती अजून आहेत. कागदावर तीन पर्याय दिसले तरी प्रत्यक्षात बहुसंख्य मुलं डीमध्ये असतात. सरकारी शाळेतला ए शोधायला गेलात तर घराजवळ तो बहुधा सापडत नाही, आणि सापडला तरी त्या वर्गात बास्क बोलणारं कुणी नसतं. नाबारात प्रांताचे तीन भाषिक पट्टे आहेत आणि पट्ट्यानुसार पर्याय बदलतात. तिथे जी नावाचा चौथा पर्यायही आहे, त्यात बास्क अजिबात नसते.

गालिसिया सर्वांत सोपं. 2010 च्या आदेशानुसार गालिसियन आणि कास्तेयानो जवळपास समसमान, विषय वाटलेले: प्राथमिकमध्ये गणित कास्तेयानोतून, परिसर अभ्यास गालिसियनमधून. दोन्ही भाषा एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की मूल एकीबरोबर दुसरी उचलतं.

कातालोनियात राहून फक्त स्पॅनिश माध्यमाची शाळा मिळेल का?

सरकारी किंवा अनुदानित शाळेत नाही. यावर न्यायालयात मोठा वाद झाला. तिथल्या उच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये किमान 25 टक्के शिक्षण कास्तेयानोतून द्यावं असा निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तो कायम केला, आणि 2022 मध्ये कातालान संसदेने नवा कायदा करून टक्केवारीची पद्धतच बाजूला ठेवली. हा वाद पुढेही चालेल. आमचा सल्ला एकच: मुलाचं वर्ष त्याच्यावर बेतू नका. तुमचं मूल सोमवारी ज्या वर्गात बसेल तिथे बाई कातालानमध्येच बोलणार आहेत.

खासगी आंतरराष्ट्रीय शाळा हा दुसरा रस्ता. तिथे इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन माध्यम मिळतं, पण बार्सिलोनात वर्षाचा खर्च दहा हजार युरोंच्या पुढे सहज जातो. कंपनी फी भरत असेल आणि मुक्काम दोन वर्षांचा असेल तर ते ठीक आहे. फी स्वतःच्या खिशातून जाणार असेल आणि राहायचं ठरलेलं असेल, तर इंग्रजी शाळेत घालवलेली तीन वर्षं पुढे अडचणीची ठरतात: मूल शेजारच्या मुलांशी बोलू शकत नाही आणि बाराव्या वर्षी माध्यमिक शाळेत शून्यापासून सुरुवात करतं.

सरकारी, अनुदानित आणि खासगी यांत फरक काय?

सरकारी शाळेला तीन वर्षांच्या मुलापासून फी नाही. पुस्तकं, साहित्य, सहली आणि जेवण यांचे पैसे वेगळे. अनुदानित शाळेला कोंसेर्तादो म्हणतात. तिचं व्यवस्थापन खासगी असतं, पुष्कळदा चर्चशी जोडलेलं, आणि पगार सरकार देतं. कायद्याने तीही मोफत, पण बहुतेक ठिकाणी दरमहा ‘ऐच्छिक’ वर्गणी मागितली जाते. किती, हे प्रवेशाआधी स्पष्ट विचारावं. भाषेचा नियम सरकारी आणि कोंसेर्तादो दोन्हींना सारखाच. बास्क प्रदेशातल्या इकास्तोला या बास्क माध्यमाच्या शाळा पालकांच्या सहकारातून उभ्या राहिल्या, तिथे पालकांकडून वेळेचीही अपेक्षा असते.

मूल कितवीत बसेल?

जन्माच्या कॅलेंडर वर्षावरून. ज्या वर्षी मूल सहा पूर्ण करतं त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ते प्राथमिकच्या पहिलीत जातं. जानेवारी 2018 आणि डिसेंबर 2018 ची दोन्ही मुलं सप्टेंबर 2024 मध्ये एकाच वर्गात. प्राथमिक सहा वर्षं, मग एसो नावाची माध्यमिक चार वर्षं, तिथपर्यंत म्हणजे सोळापर्यंत शिक्षण सक्तीचं. पुढे दोन वर्षांचं बाचिलेरातो. तीन ते सहा या वयाची शाळा सक्तीची नाही, पण जवळपास सगळी मुलं जातात आणि तुम्हीही चुकवू नका: भाषा सर्वांत स्वस्तात तिथे मिळते.

शिक्षणात एका इयत्तेहून मोठं अंतर दिसलं तर शाळा वयाच्या मानाने एक इयत्ता खाली बसवू शकते. केवळ कातालान येत नाही म्हणून खाली बसवा असा आग्रह पालकांनी धरू नये. गणितात बरं असलेलं मूल लहानांच्या वर्गात कंटाळतं, आणि मित्र वयाचेच लागतात.

कोणत्या वयात जाणं बरं, कोणत्या वयात जड?

सातच्या आत: काळजी करू नका, फक्त घरची मराठी सांभाळा. आठ ते अकरा: पहिलं वर्ष दमवणारं, दुसरं बरं, तिसऱ्यात मूल तुमचे उच्चार सुधारायला लागतं. बारा ते चौदा: इथे विचार करावा. एसोमध्ये इतिहास, विज्ञान यांची भाषा जड असते आणि मित्रमंडळ्या आधीच जमलेल्या असतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये, सगळ्यांबरोबर सुरुवात होईल अशी तारीख कंपनीकडून मागून घ्या. पंधरा-सोळा हे सर्वांत अवघड वय. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

निघण्याआधी कुठले कागद तयार करायचे?

जन्मदाखला सर्वांत महत्त्वाचा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही असलेला नवा दाखला घ्या. फक्त मराठीत असलेल्या जुन्या दाखल्याचं स्पॅनिश भाषांतर करून देणारा अधिकृत भाषांतरकार मिळणं दुरापास्त, इंग्रजीवरून करणारे पुष्कळ आहेत. दाखल्यावर आधी राज्य शासनाचं प्रमाणन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचं प्रमाणन. भारत अपोस्टिलच्या करारात 2005 पासून आहे आणि स्पेनही आहे, त्यामुळे दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. हा क्रम महत्त्वाचा: भाषांतर अपोस्टिलनंतर करून घ्या, म्हणजे अपोस्टिलचाही मजकूर भाषांतरात येतो. आधी केलं तर पुन्हा पैसे. भाषांतर स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराचंच हवं, त्यांना तिथे त्रादुक्तोर खुरादो म्हणतात.

याशिवाय लसीकरणाचं कार्ड, त्यातल्या लसींची नावं इंग्रजीत स्पष्ट लिहून घेतलेली. मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं. शाळा सोडल्याचा दाखला तिथे सहसा कुणी मागत नाही, पण परत यायची वेळ आली तर इथे लागेल, म्हणून मूळ प्रत नीट ठेवा. पालकांपैकी एकच मुलाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र, तेही अपोस्टिल आणि भाषांतरासकट.

नावाचा घोळ इथेच टाळा. आपल्या पासपोर्टवर मुलाचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र लिहिलेलं असतं, आडनाव एक. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं. काउंटरवरचा माणूस वडिलांचं नाव पहिलं आडनाव म्हणून टाकतो, दवाखान्यातला टाकत नाही, आणि शाळेतला आणखी तिसरंच काही करतो. सहा महिन्यांनी ही तीन वेगळी मुलं आहेत असं संगणक सांगतो. प्रत्येक ठिकाणी पासपोर्ट पुढे करून ‘आडनाव एकच’ असं सांगा आणि छापलेला कागद तिथेच वाचून मग उठा.

तिथे पोचल्यावर पहिलं काम कोणतं?

एम्पाद्रोनामिएन्तो, म्हणजे राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद. या नोंदीलाच बोलण्यात पाद्रोन म्हणतात. त्यावर शाळा, दवाखाना, पुढचे बरेच अर्ज उभे राहतात. भाडेकरार, पासपोर्ट आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन वेळ ठरवून जायचं. इथेच बहुतेक कुटुंबं अडकतात, कारण पहिले दोन महिने ती पर्यटकांसाठीच्या फ्लॅटमध्ये असतात आणि तिथला मालक नोंद करू देत नाही. काही भाडेकरारांत तर ‘पाद्रोन नाही’ असं कलमच घालतात. तुम्ही जिथे खरोखर राहता तिथे नोंद करणं कायद्याने तुमचं कर्तव्य आहे. करारावर सही करण्याआधी मालकाला हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

शाळेच्या प्रवेशात पत्त्याला गुण असतात, भावंडं त्याच शाळेत असल्यास त्याहून जास्त. म्हणून घर आधी आणि शाळा नंतर हा क्रम उलटा करून पाहा: आधी दोन-तीन शाळा बघून त्यांच्या हद्दीत घर शोधा.

परदेशी माणसाचं ओळखपत्र यायला वेळ लागतो. त्यासाठी शाळा थांबत नाही, थांबवताही येत नाही. स्पेनच्या 2000 सालच्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यानुसार अठराखालच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे, कागद कुठल्याही टप्प्यावर असोत.

प्रवेशाची मुदत निघून गेली असेल तर?

कातालोनियात पुढच्या सप्टेंबरचे अर्ज साधारण मार्चमध्ये घेतात, बास्क प्रदेशात त्याच्याही आधी, वालेन्सियात नंतर. मुदत चुकली तरी मूल घरी बसत नाही. नगरपालिकेच्या शाळाप्रवेश कार्यालयात जायचं, बार्सिलोनात शहराच्या शिक्षण कोंसोर्सीकडे, म्हणजे संयुक्त मंडळाकडे. ते रिकाम्या जागा बघून शाळा देतात. पसंतीची शाळा मिळेलच असं नाही, आणि दोन भावंडं वेगळ्या शाळांत पडू शकतात. तसं झालं तर लगेच लेखी विनंती करा, जागा वर्षभर हलत असतात.

एप्रिलमध्ये इथली परीक्षा संपवून गेलात तर मूल त्याच इयत्तेचे शेवटचे अडीच महिने तिथे पुन्हा बसतं. वाया गेलेत असं मानू नका. अभ्यास येतो, भाषा तेवढी ऐकायची, आणि वीस जूनच्या सुमारास शाळा सुटते तोवर दोन-चार मित्र झालेले असतात. उन्हाळ्यात कासाल नावाची सुट्टीतली शिबिरं असतात. खेळातून भाषा येते, तिथे नाव नोंदवा.

नव्या मुलाला शाळा वेगळी मदत देते का?

कातालोनियात आउला दाकुयीदा नावाचे स्वागतवर्ग 2004-05 पासून आहेत. प्राथमिकच्या तिसरीपासून पुढच्या नव्या मुलांना दिवसातले काही तास वेगळ्या खोलीत कातालान शिकवतात. चित्रकला, खेळ, संगीत, पुष्कळदा गणितही आपल्याच वर्गाबरोबर. ही मदत साधारण पहिली दोन वर्षं मिळते, घरची भाषा फार दूरची असेल तर तीन. मराठी दूरचीच धरली जाते, म्हणून तिसरं वर्ष मागायला संकोच करू नका. लहान मुलांना वेगळी खोली नसते, ती वर्गातच शिकतात.

सगळ्याच शाळांत हा वर्ग नसतो. शाळा पाहायला जाल तेव्हा हा पहिला प्रश्न विचारा. दुसरा प्रश्न: त्या वर्गात किती मुलं आहेत आणि त्यांतली किती एकमेकांत स्पॅनिश बोलतात. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या मुलांना स्पॅनिश आधीच येते, तुमच्या मुलाला दोन्ही येत नाहीत, आणि शिक्षक घाईत असले की समजावणं स्पॅनिशमध्ये सुरू होतं. ते मुलाच्या डोक्यावरून जातं. शिक्षकांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा की आमच्या मुलाला स्पॅनिशही नवीन आहे.

बास्क प्रदेशात हेच काम हिपी नावाने ओळखले जाणारे भाषा-शिक्षक करतात, बालेआरिक बेटांवर पालीक नावाची योजना आहे.

आधी स्पॅनिश शिकवावी की थेट कातालान?

शाळेची भाषा आधी. हे आम्ही ठामपणे सांगतो, कारण उलटं करणारी कुटुंबं खूप आहेत. स्पॅनिश रस्त्यावर, मैदानात, दुकानात, टीव्हीवर असते, ती आपोआप येते. कातालान किंवा बास्क बाहेर कमी ऐकू येते आणि वर्गात तिच्यावाचून चालत नाही. निघण्याआधी तीन महिने मिळाले तर रोज वीस मिनिटं पुरतात: आकडे, रंग, वर्गातल्या वस्तू, ‘मला कळलं नाही’, ‘शौचालयाला जाऊ का’, ‘मी खेळू का तुमच्याबरोबर’. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. कातालानसाठी पार्ला डॉट कॅट या सरकारी पोर्टलवर मोफत शिकता येतं, आणि एसएक्स-थ्री या मुलांच्या वाहिनीवरची कार्टून आहेत.

मराठी मुलाला या भाषा किती परक्या वाटतात?

वाटतात त्यापेक्षा कमी. बार्सिलोनाच्या कातालानमध्ये जोर नसलेला आ किंवा ए आपल्या अ सारखा होतो. तिथला माणूस आपल्या शहराचं नाव ‘बर्सलोन’च्या जवळपास उच्चारतो. माद्रिदहून आलेल्या मुलाला तो अ साधायला वेळ लागतो, आपल्याला तो जन्मापासून येतो. वालेन्सियात मात्र तसं होत नाही, तिथे स्वर पूर्ण. बारा या आकड्याला कातालानमध्ये ‘दोद्झ’ म्हणतात, त्यातला ध्वनी ‘जीव’मधला नव्हे, ‘जग’मधला ज.

बास्कची तर गंमत आहे. या भाषेचं जगातल्या कुठल्याही भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही, आणि तरी तिची वाक्यरचना स्पॅनिश मुलापेक्षा मराठी मुलाला ओळखीची. क्रियापद शेवटी. ‘मुलगा आला’ला ‘मुतिला एतोर्री दा’, पण ‘मुलाने सफरचंद खाल्लं’ला ‘मुतिलाक सागार्रा यान दु’. कर्त्याला लागलेला तो क म्हणजे आपला ने. फरक एवढाच की बास्कमध्ये तो सगळ्या काळांत लागतो, आपल्याकडे भूतकाळात. विभक्तीही शब्दाला चिकटते: एत्चे म्हणजे घर, एत्चेआन घरात, एत्चेरा घरी, एत्चेतिक घरून. चमचातला च आणि चहातला च हा भेद बास्क लिपीत दोन वेगळ्या अक्षरजोड्यांनी दाखवतात. तिसराही एक आहे, तो कानाला कठीण. मुलाला हे साम्य दाखवा, धीर येतो.

मूल शाळेत बोलतच नाही. काही बिघडलंय का?

पहिले काही महिने गप्प राहणं नेहमीचं आहे. मूल ऐकत असतं, साठवत असतं. दोन गोष्टींवर लक्ष ठेवा: घरी मराठीत पूर्वीसारखं बोलतं ना, आणि मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी जवळ असतं ना. दोन्ही ठीक असतील तर थांबा. घरीही गप्प झालं, झोप बिघडली, पोटदुखी रोजची झाली तर शिक्षकांना भेटा.

खेळण्या-बोलण्यापुरती भाषा साधारण एक ते दोन वर्षांत येते. धड्यातली, निबंधातली, तोंडी परीक्षेतली भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. हा फरक जिम कमिन्स या संशोधकाने मांडला आणि तो तिथल्या शिक्षकांना माहीत असतो. मूल फडाफडा बोलायला लागलं की पालक शिकवणी बंद करतात, आणि पुढच्या वर्षी विज्ञानाचे गुण पडतात. ते पाहून मूल आळशी झालं असं वाटतं. ते आळशी नसतं, भाषेचा दुसरा टप्पा सुरू झालेला असतो.

घरी मराठी बंद करून स्पॅनिश बोलावं का?

नाही. कुणी शिक्षकांनी सुचवलं तरी नाही. तुमची मोडकी स्पॅनिश ऐकून मूल ती मोडकीच शिकेल, आणि तुमच्याशी मनातलं बोलायची भाषा गमावेल. अपूर्णांक, गुरुत्वाकर्षण, मतदान म्हणजे काय हे मराठीत समजलेलं मूल कातालानमध्ये फक्त नवा शब्द शिकतं. कल्पना आणि शब्द दोन्ही एकदम शिकायची वेळ आली की ते बुडतं. उद्याच्या धड्याचा फोटो आदल्या संध्याकाळी शिक्षकांकडून मागून घ्या आणि त्याचा विषय मराठीत समजावून ठेवा. पंधरा मिनिटांचं हे काम आहे. आठवड्यातून दोनदा मराठी वाचन-लेखनही हवं. बोलणं टिकतं, देवनागरी मात्र फार लवकर सुटते.

गणितात हुशार असलेलं मूल चुका का करतं?

मांडणीमुळे. तिथे दशांशचिन्ह म्हणजे स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब: 3,5 म्हणजे साडेतीन आणि 1.200 म्हणजे बाराशे. भागाकारात भाज्य डावीकडे, भाजक उजवीकडच्या चौकटीत, भागाकार त्याच्या खाली. आपल्या मांडणीच्या बरोबर उलट. सात लिहिताना मधे आडवी रेघ देतात, आणि एकला वर लांब शेंडी असते, तो आपल्याला सातच वाटतो. लहान मुलं आधी सगळी मोठी (कॅपिटल) अक्षरं शिकतात, प्राथमिकमध्ये अक्षरं जोडून लिहायचं वळण, त्यामुळे सुटी छोटी अक्षरं लिहिणारं आपलं मूल फळा वाचू शकत नाही. आठवडाभर ते वळण गिरवून घ्या, इंटरनेटवर ‘लेत्रा लिगाद’ या नावाने सराव मिळतो.

शाळेची वेळ आणि जेवण कसं असतं?

कातालोनियात प्राथमिक शाळा बहुधा नऊ ते साडेबारा आणि पुन्हा तीन ते साडेचार. मधल्या अडीच तासांत घरी आणायचं किंवा शाळेत जेवायला ठेवायचं. ठेवावं असं आमचं मत: जेवणाच्या टेबलावर आणि नंतरच्या खेळात जेवढी भाषा येते तेवढी तासाला येत नाही. शाकाहारी असाल तर नुसतं ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही. मांस नको, हॅम नको, मासे नको, अंडी चालतात की नाही, हे एकेक करून लेखी द्या. हॅमचे तुकडे घातलेली भाजी कित्येकांच्या लेखी भाजीच असते.

वेळ सांगण्याची कातालान पद्धत पालकांना हमखास चकवते. ‘दोस क्वार्त्स दे नोउ’ म्हणजे शब्दशः नऊचे दोन पाव, आणि अर्थ साडेआठ. कानावर ‘नऊ’ पडतं आणि आई-बाबा सहलीची बस गेल्यावर पोचतात. नियम असा: सांगितलेल्या तासाच्या आधीचा तास घ्या आणि त्यात तेवढे पाव मिळवा. एक पाव नऊचा म्हणजे सव्वाआठ, तीन पाव नऊचे म्हणजे पावणेनऊ.

आम्हालाच भाषा येत नाही, शिक्षकांशी बोलायचं कसं?

सरकारी शाळेत पालकांना स्पॅनिशमध्ये बोलता येतं, तोंडी मदतीला बहुतेक जण तयार असतात. सूचना मात्र कातालानमध्ये येतात, त्यांचा फोटो काढून भाषांतर करा. भेटीसाठी दुभाषा हवा असल्यास आठवडाभर आधी मागा. मराठीचा मिळणार नाही, हिंदी किंवा इंग्रजीचा मागा. मुलाला दुभाषा करू नका, विशेषतः त्याच्याच तक्रारींबद्दल बोलणं असेल तेव्हा.

पालक संघटनेचे सभासद व्हा, वर्गणी थोडी असते आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटाची वाट तिथूनच जाते. स्वतःसाठी कातालानचे वर्ग भाषा-प्रसाराच्या सरकारी कोंसोर्सीत आहेत, सुरुवातीच्या पातळ्या मोफत. बास्कसाठी प्रौढांच्या शाळांना एउस्काल्तेगी म्हणतात. तुम्ही शिकताय हे दिसलं की शाळेची तुमच्याकडे बघण्याची नजर बदलते.

भाषेची अडचण आहे की शिकण्याची, कसं ओळखायचं?

वाचन, लेखन किंवा लक्ष यांतला त्रास मराठीतही होता का, हे सर्वांत मोठं लक्षण. इथल्या तपासण्यांचे अहवाल असतील तर भाषांतर करून पहिल्याच दिवशी द्या. नसतील तर शाळा दोन वर्षं ‘भाषा यायची आहे’ म्हणून वाट बघते आणि मदत उशिरा सुरू होते. कातालोनियात शाळेशी जोडलेलं एआप नावाचं मानसतज्ज्ञांचं पथक असतं, तपासणीची मागणी पालक लेखी करू शकतात. तपासणी मुलाला अजून न कळणाऱ्या भाषेत झाली असेल तर तिचे निष्कर्ष मान्य करू नका.

मूल पंधरा-सोळाचं आहे. काय करावं?

एसोमध्ये कुठल्याही वर्षी प्रवेशाला इथल्या शिक्षणाची समकक्षता लागत नाही. बाचिलेरातोला लागते. त्याला ओमोलोगासिओन म्हणतात आणि निकाल यायला महिने जातात. अर्ज दाखल करताना वोलांते नावाचा कागद मिळतो, त्यावर तात्पुरता प्रवेश होतो. हा कागद विसरलेल्या मुलाचं वर्ष जातं. दहावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रांचं अपोस्टिल इथूनच करून न्या.

विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेत प्रांताच्या भाषेचा पेपर असतो. इतर विषयांची उत्तरं मात्र दोन्हींपैकी कुठल्याही अधिकृत भाषेत लिहिता येतात. नुकत्याच आलेल्यांसाठी भाषेच्या सवलती असतात, पण त्या अर्ज केल्यावरच मिळतात, म्हणून बाचिलेरातोच्या सुरुवातीलाच शाळेला विचारा. दहावी झालेल्या आणि बारावी इथेच करू म्हणणाऱ्या मुलाला आजी-आजोबांकडे ठेवून दोन वर्षांनी नेणं, हाही सन्मान्य पर्याय आहे. त्याचं म्हणणं ऐका.

दोन-तीन वर्षांनी परत यायचं असेल तर हा खटाटोप कशाला?

कारण ती दोन-तीन वर्षं मुलाला रोज पाच-सहा तास त्या वर्गात काढायची आहेत. परत येताना शेवटच्या इयत्तेचा अहवाल शाळेच्या सही-शिक्क्यानिशी घ्या, त्यावर अपोस्टिल तिथेच करून घ्या आणि इंग्रजी भाषांतर जोडा. प्राथमिकच्या अहवालात आकडे नसतात, कातालोनियात ‘उत्तम साध्य’ ते ‘साध्य नाही’ अशा चार श्रेणी असतात, त्यांचा अर्थ सांगणारं पत्र मुख्याध्यापकांकडून मागा. जूनमध्ये शाळा सुटण्याआधी मागा, जुलैच्या मध्यानंतर कार्यालयात कुणी भेटत नाही.